नाताळच्या सकाळचा फ्रेंच टोस्ट: अमेरिकेतला पहिलाच हिवाळा असलेल्यांसाठी

न्यू जर्सीत २५ डिसेंबरच्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बहुतेक सुपरमार्केटं बंद, आदल्या दिवशीही ती संध्याकाळी लवकर मिटलेली. आपले सणवार नोकरीच्या धबडग्यात शनिवार-रविवारवर ढकलावे लागतात, पण या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी असते. म्हणून आमच्याकडे गेली बारा वर्षं नाताळच्या सकाळी तीन-चार मराठी घरं एकत्र नाश्त्याला जमतात आणि मध्यभागी असतो तो ओव्हनमध्ये भाजलेला फ्रेंच टोस्ट.

भारतात आपण फ्रेंच टोस्ट म्हणतो तो बहुधा कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परतलेला ब्रेड. इथला सणाचा प्रकार गोड असतो. जाड काप, वरून खरपूस आणि आत खरवसासारखा थरथरणारा मऊपणा. हा आतला खरवस जमवणं हीच यातली खरी गोष्ट. तो सकाळच्या घाईत जमत नाही, आदल्या रात्रीच्या तयारीवर जमतो. पहिल्या वर्षी मी नऊ माणसांसाठी सकाळी उठून ताज्या ब्रेडचा घाट घातला होता. बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे काप एकामागून एक ताटात पडत होते, आणि मी अकरा वाजेपर्यंत शेगडीपाशी उभीच. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. प्रमाण सहा ते आठ माणसांचं आहे.

१. आधी माणसं विचारा, मग यादी करा

दोन प्रश्न प्रत्येक घराला आठवडाभर आधी विचारा: अंडं कोण खात नाही, आणि सुक्यामेव्याची ॲलर्जी कोणाला आहे. दुसरा प्रश्न आपल्याकडे विचारायची फारशी सवय नसते. इथे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो विचारावाच लागतो. अंडं न खाणाऱ्यांची सोय वेगळी करावी लागते, ती नवव्या पायरीत आहे. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर ती पायरी आधी वाचा, कारण तिचा परिणाम खरेदीवर होतो.

२. खरेदी २२ किंवा २३ तारखेलाच उरका

ब्रेड: हाला नावाचा वेणी घातलेला ब्रेड, साधारण १ पाउंडाचा (४५० ग्रॅम). इंग्रजी स्पेलिंग ‘सी-एच’ने सुरू होतं, पण उच्चार ‘हाला’ किंवा ‘खाला’. हा ज्यू लोकांचा शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा ब्रेड. शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो, म्हणून गुरुवार-शुक्रवारी तो दुकानात ताजा आणि भरपूर मिळतो, इतर दिवशी शोधावा लागतो. शुक्रवारी आणून फ्रीझरमध्ये ठेवला तरी काही बिघडत नाही. हाला नाही मिळाला तर ब्रियॉश घ्या. तो फ्रेंच, लोण्याचा आणि जास्त मऊ असतो, त्यामुळे तो जास्त वेळ वाळवावा लागतो. दोन्ही न कापलेले घ्या. सँडविचचा पातळ कापलेला पांढरा ब्रेड इथे चालत नाही, रात्रभर भिजून त्याचा लगदा होतो.

मिश्रणासाठी: ६ मोठी अंडी, अडीच कप साय न काढलेलं दूध (६०० मिली), अर्धा कप हेवी क्रीम (१२० मिली), पाव कप साखर, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे व्हॅनिला, एक चमचा दालचिनी पूड, पाव चमचा जायफळ. चमचा म्हणजे इथे चहाचा. जायफळ अख्खं घेऊन आयत्या वेळी किसा. श्रीखंडासाठी घरात असतंच, तेच वापरा. सुपरमार्केटातल्या जायफळ पुडीला बहुतेक वेळा वासच उरलेला नसतो.

वरून घालायला: ताज्या क्रॅनबेरीची १२ औंसाची पिशवी, एक संत्रं, अर्धा कप पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा), ४ मोठे चमचे लोणी, अर्धा कप ब्राउन शुगर किंवा किसलेला गूळ.

मेपल सिरप: इथे लेबल वाचल्याशिवाय बाटली उचलू नका. ‘पॅनकेक सिरप’ म्हणून जी स्वस्त बाटली शेजारीच असते, ती मक्याच्या सिरपात रंग आणि वास घालून केलेली असते. खऱ्या बाटलीवर घटक म्हणून एकच गोष्ट लिहिलेली असते, मेपल सिरप. ते महाग का, तर शुगर मेपल झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप होतं. आपल्याकडे उसाचा रस काहिलीत आटवताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही किंमत लगेच पटेल. चार प्रतींपैकी ‘डार्क’ घ्या. फिकट सोनेरी सिरपाची नाजूक चव या टोस्टात हरवून जाते.

भांडी: ९ बाय १३ इंचांचं ओव्हनचं भांडं, मोठं पातेलं, रवी किंवा व्हिस्क, पिठाची नव्हे तर चहाची मोठी गाळणी, दातेरी सुरी, जाळी असलेला बेकिंग ट्रे आणि ॲल्युमिनियम फॉइल. अन्नाचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

३. ब्रेड वाळवा (ही पायरी गाळू नका)

२४ तारखेला दुपारी ब्रेडचे एक इंच जाडीचे काप करा. बोटाचं एक पेर मापाला पुरतं. वेणीची टोकं बारीक असतात, ती बाजूला ठेवा, तुमच्या चहाबरोबर कामाला येतील.

आता नीट लक्ष द्या. शिळा ब्रेड आणि वाळलेला ब्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीत राहून शिळा झालेला ब्रेड कडक लागतो, कारण त्यातलं पिष्ट घट्ट झालेलं असतं, पण पाणी आतच असतं. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतावं तसं त्याचं होतं, मिश्रण आत शिरायला जागाच नसते. आपल्याला पाणी बाहेर काढायचं आहे. म्हणून ओव्हन ३०० फॅरनहाइटला (१५० सेल्सियस) लावा, जाळीवर काप सुटे मांडा आणि पंधरा मिनिटांनी एकदा उलटून, एकूण पंचवीस ते तीस मिनिटं ठेवा. रंग यायला नको. काप हातात घेतला की हलका लागला पाहिजे, वरून बोट फिरवलं तर टोस्टसारखी खरखर जाणवली पाहिजे आणि मधोमध दाबलं तर किंचित लवला पाहिजे. पार खारीसारखा कुरकुरीत झाला तर जास्त झाला, पण तोही भिजून सावरतो. कमी वाळलेला मात्र सावरत नाही.

ओव्हन दुसऱ्या कामात अडकला असेल तर काप जाळीवर मांडून रात्रभर ओट्यावर उघडे ठेवले तरी इथे चालतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की सकाळपर्यंत ब्रेड खडखडीत होतो. ओठ आणि टाचा फुटतात त्याच हवेचा एवढा तरी उपयोग. मुंबईच्या हवेत हे करायला जाऊ नका. आणि असं वाळवायचं असेल तर एक दिवस आधी, २३च्या रात्री.

४. मिश्रण: दालचिनी तरंगू देऊ नका

सगळं एकदम पातेल्यात ओतून घुसळलं की दालचिनीची पूड दुधावर तरंगते, तिच्या गुठळ्या होतात आणि पहिल्याच कापाला सगळी चिकटून बसते. बाकीचे काप फिके राहतात. यावर उपाय साधा आहे. रिकाम्या पातेल्यात आधी साखर, मीठ, दालचिनी आणि जायफळ कोरडंच एकत्र करा. त्यात दोन अंडी फोडून चांगलं फेसा. तपकिरी, दाटसर, गुळगुळीत पेस्ट तयार होईल. मग उरलेली चार अंडी, व्हॅनिला आणि शेवटी थोडं थोडं दूध आणि क्रीम. आता पूड सगळीकडे सारखी मिसळलेली राहील.

मग गाळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे न फुटलेले तंतू राहतात आणि भाजल्यावर ते टोस्टवर पांढऱ्या चिंध्यांसारखे दिसतात. ज्यांना अंड्याचा वास येतो म्हणून फ्रेंच टोस्ट आवडत नाही, त्यांची निम्मी तक्रार या तंतूंमुळे असते. गाळणीत राहिलेला मसाला चमच्याने दाबून खाली सोडा.

अंडी वाढवून जास्त चांगलं होईल असं वाटतं, तसं होत नाही. अर्धा कप दुधाला एक अंडं एवढंच पुरे. त्याच्या वर गेलात की खरवस न लागता ऑम्लेट लागतं.

५. रात्री भिजवा

भांड्याला लोण्याचा हात फिरवा. काप सपाट न पसरता कौलांसारखे एकमेकांवर अर्धे चढवून तिरपे लावा. वर राहिलेल्या कडा कुरकुरीत होतात, खालचा भाग मऊ राहतो, आणि मुलांना कडा हव्या असतात, मोठ्यांना मधला भाग, त्यामुळे भांडणही होत नाही. मिश्रण वरून सगळीकडे फिरवत सावकाश ओता, उंचावलेल्या कडांवरूनही. दहा मिनिटांनी काप उलथन्याने अलगद दाबा. अजून तळाशी बरंच दूध दिसेल. घाबरू नका, तासाभरात ब्रेड ते पिऊन टाकतो. झोपण्यापूर्वी एकदा खालचं दूध चमच्याने वर घाला, फॉइल लावा आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवा.

कमीत कमी चार तास, जास्तीत जास्त रात्रभर. भिजवलेलं भांडं ‘बाहेर थंडीच आहे’ म्हणून गराजमध्ये किंवा पोर्चवर ठेवण्याचा मोह फ्रीज भरलेला असताना हमखास होतो. तो टाळा. कच्ची अंडी आहेत, आणि गराजचं तापमान रात्रीत किती वरखाली होईल याचा नेम नसतो. फ्रीजमधली सोड्याची कॅन बाहेर काढा आणि भांड्याला जागा करा.

६. क्रॅनबेरी त्याच रात्री उरका

आपल्याकडे क्रॅनबेरी नव्हती, पण करवंदं खाल्लेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. तोच आंबट-तुरटपणा, तोच लालभडक रस. पिशवीतल्या बेरी धुवा, मऊ पडलेल्या काढून टाका, एक कप साखर आणि एक कप पाण्यात शिजायला लावा. पाच-सात मिनिटांत त्या टपटप फुटायला लागतात. अंगावर उडतात, म्हणून झाकण अर्धवट ठेवा. बहुतेक फुटल्या की गॅस बंद. पातळ वाटलं तरी आटवत बसू नका, क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असतं, गार होताना ते आपोआप मुरंब्यासारखं घट्ट होतं. वरून संत्र्याची साल किसा, फक्त नारिंगी थर. खालचा पांढरा भाग आला की कडू होतं. मी दोन वेलदोडेही कुटून घालते. हे आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतं, त्यामुळे चार दिवस आधी केलं तरी हरकत नाही.

७. सकाळ

पाहुणे साडेनऊला येणार असं धरून वेळ देते.

साडेसातला भांडं फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवा. काचेचं भांडं असेल तर ही अर्ध्या-पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे. एका वर्षी मी गार काचेचं भांडं तसंच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवलं आणि दोन मिनिटांत ते तडकलं. काचा, दूध, सगळं ओव्हनच्या तळाशी. त्या दिवशी नाश्त्याला पोहे झाले. धातूच्या भांड्याला ही भीती नाही. फॉइलचं पातळ डिस्पोजेबल भांडं वापरत असाल तर ते ट्रेवर ठेवूनच उचला, भरल्यावर ते मधोमध वाकतं.

आठला ओव्हन ३५० फॅरनहाइटला (१७५ सेल्सियस) लावा. सव्वाआठला फॉइलसकट भांडं आत. पंचवीस मिनिटांनी फॉइल काढा आणि लोणी, ब्राउन शुगर, चिरलेले पेकन आणि चिमूटभर मीठ एकत्र चुरून वर पसरा. ॲलर्जी असलेलं कोणी असेल तर पेकन न घालता फक्त लोणी-साखर. अर्ध्या भांड्यावर सुकामेवा आणि अर्ध्यावर नाही, असं करू नका, चमचा इकडून तिकडे जातोच. वर गूळही सुरेख लागतो. फक्त तो दुधाच्या मिश्रणात साखरेऐवजी घालायला जाऊ नका, तापल्यावर दूध फाटण्याची भीती असते.

आणखी वीस-पंचवीस मिनिटं. वरचा रंग पाहून फसू नका, साखरेमुळे तो लवकर येतो. मधल्या कापाच्या पोटात सुरी घालून जरा बाजूला करा. पातळ दूध वर आलं तर अजून दहा मिनिटं, वरून फॉइल टाकून. थर्मामीटर असेल तर मध्यभागी १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस) यायला हवेत. बाहेर काढल्यावर फुगलेला टोस्ट दहा मिनिटांत खाली बसतो. तो बसणारच. तेवढ्या वेळात आतलं कस्टर्ड घट्ट होतं, म्हणून लगेच वाढू नका.

८. दोघा-तिघांसाठी तव्यावर

घरात माणसं कमी असतील तर ओव्हनची गरज नाही. प्रमाण निम्म्याहून कमी करा, वाळवलेले काप मिश्रणात दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं भिजवा आणि मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं भाजा. इथल्या कृतींमध्ये लोणी सांगतात. लोण्यातला दुधाचा अंश दुसऱ्या घाण्यापर्यंत करपून काळे ठिपके पडतात. साजूक तुपात तो अंश कढवतानाच निघून गेलेला असतो, म्हणून तूप वापरा. वासही जायफळाशी जमून जातो. झालेले काप ताटात एकावर एक रचले तर वाफेने खालचे ओले होतात. ते २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये जाळीवर सुटे ठेवा.

९. अंडं न खाणाऱ्यांसाठी

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मिश्रणातून अंडं वगळलं, पण ब्रेड हालाच ठेवला. हाला आणि ब्रियॉश या दोन्हींच्या कणकेतच अंडी असतात, आणि चकचकीत कवचाच्या बऱ्याच ब्रेडवर अंड्याचा हात फिरवलेला असतो. म्हणून साधा इटालियन किंवा फ्रेंच लोफ घ्या आणि लेबलावर अंड्याचा उल्लेख नाही याची खात्री करा.

मिश्रणासाठी कस्टर्ड पावडर. ही पावडर मुळात अंड्यावाचूनच्या कस्टर्डासाठीच जन्माला आली. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं चालत नसे. देशी दुकानात सहज मिळते. एक कप गार दुधात दोन मोठे चमचे पावडर, दोन चमचे साखर, दालचिनी आणि जायफळ. हे रात्रभर भिजवून ठेवायचं नाही. पावडर म्हणजे मक्याचं पीठ, ते तळाशी बसतं आणि वर नुसतं दूध राहतं. सकाळी आयत्या वेळी, प्रत्येक काप बुडवण्याआधी ढवळून, पटकन दोन्ही बाजू ओल्या करून तुपावर भाजा. तवा, उलथनं आणि पातेलं वेगळं ठेवा, आणि हे काप आधी करून घ्या. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी काही न विचारता फक्त फळं घेतली होती. पुढच्या वेळी त्यांच्यासमोर वेगळा तवा मांडला, तेव्हा त्या तीन काप जेवल्या.

१०. वाढताना

मेपल सिरपची बाटली फ्रीजमधून काढून गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. गार सिरप ओतलं की टोस्ट निवतो. उघडलेली बाटली नंतर फ्रीजमध्येच ठेवायची, बाहेर तिच्यावर बुरशी धरते.

नाश्ता नुसता गोड करू नका. दुसऱ्या घासानंतर मराठी जीभ तिखट शोधते. मी उरलेल्या हालाच्या टोकांचा कांदा-मिरची-हळद घातलेला आपला तिखट टोस्ट करते. सोबत डाळिंबाचे दाणे, कॅलिफोर्नियाची डाळिंबं याच दिवसांत येतात, आणि आल्याचा कडक चहा, साखर निम्मी घातलेला. कॉफीवाल्यांना कॉफी.

उरलेला टोस्ट दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. तो तीन दिवस चांगला राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो, त्यापेक्षा टोस्टर ओव्हनमध्ये ३५०ला आठ-दहा मिनिटं ठेवा. २६ तारखेला सकाळी कामावर जाणाऱ्याच्या डब्यात दोन काप आणि क्रॅनबेरीची छोटी बाटली नीट बसते.